मागे अवजड माल येत आहे

म्हैसूरजवळच्या हिनकलच्या एका वसाहतीचा ट्रान्सफॉर्मर जळून अकरा दिवस झाले होते. नवा नंजनगूडहून निघायचा होता. पण तो साडेचार मीटर रुंद असल्याने, खानदानी सुनेसारखा, एकटा रस्त्यावर येऊ शकत नव्हता. पुढे पायलट गाडी सक्तीची होती.

रकाना १. पायलटचे नाव : मानाजीराव.

मानाजीरावांचे पूर्वज म्हैसूरच्या घोडदळात आघाडीला असत. मागं वळून पाहणं घराण्यात नव्हतं. त्यातून 'मागे अवजड माल येत आहे' ही पाटी पुढच्या काचेवर लावली तर रस्ता दिसेना, म्हणून ती मागच्या काचेवर लावली होती. ती वाचायची सोय आता फक्त अवजड मालाला होती. बाजूच्या आरशांना नियमाप्रमाणे लाल झेंडे बांधलेले होते.

मंगळवारी सकाळी निघताना हिनकलहून मुलीचा, भव्याचा, फोन आला. तिचं डोशाचं पीठ विकायचं दुकान होतं.

"अप्पा, ग्राइंडर बंद आहे. आज लाइट आली नाही तर दुकान गेलं बघा."

"अय्यो, तू तांदूळ भिजत घाल. मी घेऊनच येतो."

रिंग रोडला सिग्नल लाल झाला. मालाला सिग्नल लागू होता, पायलटला नव्हता. माल थांबला, मानाजीराव गेले. मधल्या मोकळ्या जागेत अग्रहारचे निवृत्त गणितमास्तर चिदंबर स्कूटरवरून शिरले. पायाशी नंजनगूडच्या रसबाळे केळ्यांचा घड. पुढं दिवा फिरतोय, लोक वाट देतायत, हे पाहून ते अग्रहारचं वळण सोडून थेट हिनकलला पोचले.

तिथं वीज खात्याचे तपासनीस सुधींद्र फाइल घेऊन उभे होते.

"सार, हा माल नव्हे!" स्कूटर शेजारी येऊन थांबताच मानाजीराव गाडीतून उतरून ओरडले.

"तुम्ही पायलट, अल्वा, होय ना?"

"होय."

"नियम सात : पायलटच्या मागून येतो तो माल. सरी, ठीक आहे, उतरवा."

"मी घरी चाललो होतो री," चिदंबर म्हणाले. "रस्ता मोकळा दिसला, म्हणून..."

"माल बोलत नसतो."

रकाना ४. रुंदी : घडाला टेप लावली. दीड फूट भरली. सुधींद्रांनी क्षणभर पेन चावलं आणि लिहिलं, 'वाहतुकीतील घट.'

"आणि खरा ट्रान्सफॉर्मर?" मानाजीरावांनी विचारलं.

"त्याच्यापुढं पायलट आहे?"

"नाही."

"मग तो रस्त्यावर नाही."

"सिग्नलला उभा आहे हो!" चिदंबर म्हणाले.

"उभा असेल. रस्त्यावर नाही."

रकाना ५. (कार्यालयीन उपयोगासाठी. गोष्टीने इथे काही लिहू नये.)

क्रेन आली. घड ट्रान्सफॉर्मरच्या चौथऱ्यावर चढला. तारा जोडल्या, कवटीची पाटी लागली. चिदंबरांनी नैवेद्यापुरती दोन केळी मागितली, तर विद्युतभारित वस्तूला हात लावण्याबद्दल त्यांना ताकीद मिळाली.

भव्या भिजलेल्या तांदळाचं पातेलं घेऊनच आली. "अप्पा, हे काय?"

घराण्यात पहिल्यांदाच मानाजीरावांनी मागं वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता.

"तक्रार चालेल," सुधींद्र मवाळपणे म्हणाले. "सगळ्यांच्या मोबाइलवर निरोप गेलाय : ट्रान्सफॉर्मर मिळाला, समाधानी आहात? दोनशे बारा घरं, दोनशे बारा होकार हवेत. एक जरी कमी पडला, तर घड खाली आणि खऱ्याला पुन्हा पायलट. लेखी देतो."

भव्यानं मोबाइल पातेल्यात टाकला. "घ्या. पडला एक कमी."

बाकीच्यांकडून आशा नव्हती. शेजारच्या वरलक्ष्मीबाईंनी तर तिच्यादेखतच 'होय' दाबलं. "ते दाबल्याशिवाय मोबाइल पुढं जात नाही गं," त्या म्हणाल्या. पण एक नकार पुरेसा होता. मानाजीरावांनी सिग्नलकडे जायला गाडी सुरूसुद्धा केली.

पाच मिनिटांनी निकाल आला. होकार : दोनशे बारा.

"शक्य नाही!" चिदंबर म्हणाले. "हिनं दाबलंच नाही. दोनशे बारातून एक गेला की दोनशे अकरा. मी पस्तीस वर्षं हेच शिकवलंय."

सुधींद्रांनी यादी उघडली. खरंच, जास्तीचा एक होकार वसाहतीबाहेरचा होता. पण होकार तो होकार. फाइल बंद झाली. भव्यानं तांदूळ गायीला घातले आणि दुकानाची पाटी काढून घेतली.

नंबर कुणाचा, हे मानाजीरावांनी जाताना विचारून घेतलं. तुमचा निघाला. मंगळवारी दुपारी, जेवता जेवता, न वाचता दाबलेलं.