एका झोपेचं काम

एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगते. क्वॉड बाईकचा एअर फिल्टर काढायचा, धुवायचा, वाळवायचा, तेल लावून परत बसवायचा आणि हात धुऊन असं काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं घरात यायचं, हे सगळं एका झोपेत करणारी बाई मला दुसरी दाखवाच!

झोप हे आमच्याकडचं वेळेचं माप आहे. घड्याळ भिंतीवर आहे, पण त्याला कोणी विचारत नाही. आमच्या दीड वर्षाच्या लेकीला घरात सगळे ‘सरकार’ म्हणतात, कारण तिचा हुकूम सुटला की कारण विचारायची सोय नसते. हे सरकार दुपारी झोपतं तेवढा वेळ माझा. चेन पुसून तिला तेल देणं, अर्धी झोप. इंजिन ऑइल बदलणं, एक झोप. ब्रेकचे पॅड, दीड झोप, म्हणजे मधे एक रडारड धरून. हे लिहितेय तेही अशाच एका झोपेत. तेव्हा एखादं वाक्य मध्येच तुटलं तर सरकार उठलं असं समजा.

आता क्वॉड म्हणजे काय, ते सांगते. चार गलेलठ्ठ टायर, मोटरसायकलचं हँडल, दार नाही, टप नाही. कार आणि मोटरसायकल यांचं कडाक्याचं भांडण चालू असताना मध्येच जन्मलेलं मूल! सासूबाई त्याला ‘तुझा रेडा’ म्हणतात. लग्नाआधी या रेड्यावर बसून मी टेकड्याच्या टेकड्या तुडवल्यात. त्याच्यावर बसलं की मी कुणाची कुणी नसते. आई नाही, सून नाही, ‘अगं ते कुठे ठेवलंस’ नाही. नुसती मी आणि समोरचा चढ.

पण सरकार आल्यापासून रेडा घरामागच्या शेडमध्ये उभा. नवऱ्याचा जीव त्या शेडवर. त्याला तिथे त्याची झाडांची रोपं ठेवायची होती.

“वापरात नसलेली वस्तू म्हणजे अडगळ,” एके सकाळी तो म्हणाला. त्याचा आवाज फारच गोड होता, त्यामुळे मी लगेच सावध झाले. “आपले दाताचे डॉक्टर विचारत होते. रविवारी बघायला येतो म्हणाले.”

“बघू देत की. बघायला कोण नको म्हणतंय?”

“अगं, विकत घ्यायला बघायला!”

मी चहा ठेवला. म्हटलं, “रविवारी त्यांच्यासमोर चालू करून दाखवते. चालू झाला तर राहील, नाही झाला तर जाईल. बोल!”

“आई, ऐकलंस ना?” त्यानं सासूबाईंना साक्षीला धरलं.

“ऐकलं,” त्या म्हणाल्या. “मी दोघांच्याही बाजूनं आहे.”

म्हणजे पैज लागली. मला चिंता कसली? इंजिन ठणठणीत होतं. एक फिल्टर तेवढा धुळीनं गच्च झाला होता. एका झोपेचं काम!

दुपारी सरकार माझ्या खांद्यावरच झोपलं, त्याला अलगद गादीवर ठेवलं. खांद्यावर फडकं होतंच. आयांचा तो गणवेशच असतो, तोंड पुसायला, नाक पुसायला, प्रसंगी स्वतःचे डोळे पुसायला. तशीच शेडमध्ये गेले. क्वॉडची सीट उचलली की खाली एक डबा असतो. त्यात स्पंजासारखा फिल्टर, आणि त्याच्यामागे इंजिनात हवा नेणारी रबरी नळी. फिल्टर काढला की ती नळी आ वासून उघडी पडते. तिथे धूळ, किडा, पालापाचोळा काय वाट्टेल ते जाऊ शकतं. म्हणून शिकाऊ माणसाला पहिला धडा हाच देतात की उघडं भोक उघडं ठेवू नये, त्यात फडक्याचा बोळा कोंबावा. मी धडे विसरणाऱ्यांतली नाही. खांद्यावरचं फडकं ओढलं, बोळा केला, नळीत खोल कोंबला. फिल्टर धुतला. पंख्यासमोर वाळवला. त्याला तेल चोळलं. आता परत बसवायचा, एवढ्यात...

“आऽऽईऽऽ!”

सरकार अर्ध्या झोपेत उठलं होतं.

माझ्यातल्या मेकॅनिकनं हातातला फिल्टर घाईघाईनं जागच्या जागी बसवला, सीट आपटली, आणि माझ्यातली आई धावत सुटली. या दोघींच्या घाईत कोणाच्या तरी हातून काहीतरी राहिलं. चाणाक्ष वाचकांना काय राहिलं ते कळलंच असेल. मला नाही कळलं.

संध्याकाळी सरकारनं डोळे चोळले, हात पसरला आणि फर्मान काढलं, “मऊ!”

‘मऊ’ म्हणजे माझ्या जुन्या टी-शर्टाची कापलेली बाही. धुऊन धुऊन सायीसारखी झालेली. ती गालाशी धरल्याशिवाय सरकार झोपत नाही. आम्ही गादी झटकली, उशीचे अभ्रे उलटे केले. मऊ नाही.

“मऊ!!”

सासूबाईंनी कपडे धुण्याच्या मशीनमध्ये डोकं घातलं. नवऱ्यानं फ्रिज उघडून बघितला.

“फ्रिजमध्ये कशाला असेल?” मी ओरडले.

“मागच्या वेळी माझा चष्मा तिथेच सापडला होता!”

सरकारनं त्या रात्री आम्हाला झोपू दिलं नाही. म्हणजे सरकारही झोपलं नाही, पण त्याला पर्वा नव्हती. पहाटे सासूबाईंचा संशय शेजारच्या कुत्र्यावर गेला. त्या सरळ शेजारी गेल्या आणि कुत्र्याला म्हणाल्या, “तोंड उघड!” कुत्रा बिचारा शहाणा. त्यानं उघडलं. आत दातांखेरीज काही नव्हतं. शेजारीणबाई अजून आमच्याशी तुटकच बोलतात.

मग माझ्या डोक्यात एक कल्पना आली. त्याच टी-शर्टाची दुसरी बाही कापून दिली तर? कापली. सरकारनं ती हातात घेतली, गालाला लावली, वास घेतला आणि मेलेलं झुरळ टाकावं तशी खाली टाकली.

“मऊ नाई!”

“तुझ्या कापडाला जरा खरखर आहे,” सासूबाई म्हणाल्या आणि आपल्या जुन्या घरच्या झग्याची बाही कापून घेऊन आल्या. नामंजूर! मग नवऱ्याच्या पायजम्याबरोबरचा शर्ट. नामंजूर! मग त्याचा ऑफिसचा फिका निळा.

“आई, तो नवा आहे!”

“असू दे. मऊ आहे.”

“मी ऑफिसला काय घालून जाऊ?”

“एक बाही आहे की! हात टेबलाखाली ठेव.”

नामंजूर. अर्ज नामंजूर झालेल्या बाह्यांचा ढीग खोलीच्या कोपऱ्यात वाढत गेला आणि कपाटात एकाही कपड्याला दोन बाह्या उरल्या नाहीत.

या धामधुमीत मी रेडा चालू करून बघायला गेले. स्टार्टरचं बटण दाबलं. घर्र, घर्र, घर्र. पुन्हा दाबलं. घर्र, घर्र. जिना चढून आलेल्या जाड्या माणसासारखा नुसता धापा टाकत होता! प्लग काढून बघितला, तर पेट्रोलनं ओलाचिंब. म्हणजे पेट्रोल येतंय. ठिणगी तपासली. ठिणगी लखलखीत पडतेय. नवा प्लग घातला. घर्र. बॅटरी चार्ज करून आणली. घर्र. मी सगळ्यांवर संशय घेतला, फक्त हवेवर नाही. हवेवर कशाला घेऊ? फिल्टर मी स्वतः धुतला होता!

“काय म्हणतोय रेडा?” नवऱ्यानं दारातून विचारलं. त्याच्या हातात रोपाची कुंडी होती. कुंडी कुठे बसेल याचं माप तो डोळ्यांनी घेत होता.

“थंडी वाजतेय त्याला,” मी म्हटलं.

“बाहेर ऊन आहे गं.”

खरं सांगू? मला रडू येत होतं. डोळे पुसायला खांद्यावर हात नेला, तर तिथेही फडकं नाही.

रविवार उजाडला. डॉक्टर आले. गोल चेहऱ्याचे, स्वच्छ, इस्त्रीचे, खिशात छोटी बॅटरी. दार नवऱ्यानं उघडलं. त्याच्या शर्टाला डावी बाही नव्हती. मागून सासूबाई आल्या, त्यांना उजवी नव्हती. मी आले, मला दोन्ही नव्हत्या. सासूबाईंच्या कडेवर सरकार, रडून रडून टोमॅटो झालेलं.

डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे, एकदा नवऱ्याकडे आणि मग गुपचूप आपल्या बाह्यांकडे बघितलं. त्यांनी हात मागे बांधून घेतले.

“मशीन बघू या?” ते घाईनं म्हणाले.

शेडमध्ये मी बटण दाबलं. घर्र, घर्र, घर्र.

“असंच करतं का?” डॉक्टर.

“कालपासून,” नवरा. आवाज पुन्हा गोड.

“मऊऽऽऽ!” सरकार.

“सगळं नीट आहे हो!” मी पोटतिडकीनं म्हणाले. “प्लग नवा, बॅटरी भरलेली. आणि फिल्टर तर बघाच! असा फिल्टर तुम्हाला कुणाकडे दिसायचा नाही.” हातातून मशीन चाललं होतं, निदान फिल्टरची तरी इज्जत राहावी! मी सीट उचलली आणि फिल्टर काढून त्यांच्या नाकासमोर धरला.

डॉक्टरांनी फिल्टरकडे ढुंकूनही बघितलं नाही. ते सवयीनं वाकले, खिशातली बॅटरी काढली आणि नळीच्या तोंडात उजेड पाडला. वर माझ्या मशीनला म्हणाले, “हं, आ करा... आ... अच्छा.”

“काय अच्छा?”

“घशात बोळा राहिलाय.”

“काय?”

“होतं असं. आमच्याकडे गालात कापूस राहतो. पेशंट घरी जाऊन फोन करतो.” त्यांनी दोन बोटं आत घातली, जरा हलवलं, आणि अक्कलदाढ उपटावी तशा ऐटीत ओढून काढली...

मऊ!

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. नवऱ्यानं आपल्या उघड्या दंडाकडे बघितलं. मी मन लावून एका टायरकडे बघितलं.

“मऊ!” सरकारनं झडप घातली.

“अगं थांब, घाण आहे ते! आधी धुऊन...” सासूबाई म्हणेपर्यंत मऊ गालाशी गेली होती. रबराचा वास हुंगून सरकारनं एक खोल सुस्कारा सोडला, आजीच्या खांद्यावर मान टाकली आणि ते झोपलं! दिवा मालवावा तसं.

मी विजयानं बटणाकडे हात नेला.

“खबरदार!” सासूबाई फिसकारल्या. “चालू केलंस तर याद राख!”

“पण आई, पैज...” मी कुजबुजले.

“चालू झालं नाही तर गेलं,” नवरा कुजबुजला. “ठरलं होतं तसं.”

“मला आवाज ऐकायला आवडला असता,” डॉक्टरही कुजबुजले.

“मग लांब नेऊन ऐका!”

फिल्टर जागेवर बसवला, सीट हळूच लावली, गिअर न्यूट्रलला टाकला. मी हँडल धरलं आणि दोघे मागून ढकलायला लागले. क्वॉड ही ढकलायची वस्तू नाही. ते जाड टायर जमिनीला असे चिकटतात की जणू माहेर सोडून जायचंय. डॉक्टरांचा इस्त्रीचा शर्ट घामानं भिजला. वाळक्या पानांवरून चाक गेलं की आम्ही तिघंही जीव मुठीत धरून मागे वळून बघायचो. विकत घ्यायला आलेला माणूस माझं मशीन राखायला मदत करत होता, आणि एवढा दमला होता की ते त्याच्या लक्षातही येत नव्हतं!

शेडमागच्या माळाच्या पार टोकाला, झाडांच्या ओळीपाशी थांबलो. मी हेल्मेट चढवलं. श्वास रोखला. बटण दाबलं.

भर्र्र्र्र! एका झटक्यात! अंगाखालून तो जुना थरार थेट दातांपर्यंत आला. मी हसत होते की रडत होते, हेल्मेटमुळे कोणाला दिसलं नाही. ते एक बरं असतं.

“राहिला बाबा तुझा रेडा,” नवरा म्हणाला. तो हरला होता, पण हसत होता. “जा आता. एक झोप आहे तुझ्याकडे. हवं तेवढं फिर.”

“पुन्हा कधी बिघडला तर कळवा,” डॉक्टर कपाळ पुसत म्हणाले. दोघे घराकडे निघाले. रोपं कुठे ठेवायची यावर दोघांचं बोलणं चाललं होतं.

मी एकटी उरले. मी, रेडा, समोर टेकडीचा चढ आणि हातात अख्खी एक झोप! इतक्या महिन्यांनी! म्हटलं, निघण्याआधी जरा शांतता ऐकू या. कोणी हाक मारत नाहीये, हे ऐकणं म्हणजे काय सुख असतं, ते आयांना विचारा. म्हणून क्षणभर इंजिन बंद केलं आणि क्षणभर टाकीवर डोकं टेकवलं.

“अगं! ऊठ!” नवरा खांदा हलवत होता. “सरकार उठलंय. कशी झाली चक्कर?”

“झकास!” मी हेल्मेट सावरत म्हटलं. “पार टेकडीपलीकडे जाऊन आले.”

त्यानं इंजिनावर हात ठेवला. “गार आहे.”

मी हेल्मेटची काच हळूच खाली ओढून घेतली. एका झोपेत एक काम, असा आमच्याकडे नियमच आहे. मी केलं होतं.