दगडावर बसणारी माणसं

"माणूस चेहऱ्यावरून कळत नाही, बोलण्यावरून तर मुळीच कळत नाही," एलादियो फोन्तेन्लाने बेनिग्नोच्या बारमध्ये भरल्या गर्दीत जाहीर केलं. "माणूस कळतो तो कशावर बसतो त्यावरून! ज्या दिवशी हे बूड गादीच्या खुर्चीवर टेकेल, त्या दिवशी विलार्दोरो क्लब मेला म्हणून चर्चची घंटा वाजवा!"

टाळ्या पडल्या. एकाने वाइनचा पेला पुढे केला, दुसऱ्याने स्टूल सरकवलं. एलादियोने पेला घेतला. स्टूल मात्र नाकारलं. गेले काही दिवस तो वाइन उभ्याने पीत होता, पेपर उभ्याने वाचत होता आणि घरी सूपसुद्धा खिडकीच्या कठड्यावर वाडगा ठेवून ओरपत होता. कारण डॉक्टरीणबाईंनी त्याच्या माकडहाडाचा एक्स-रे उजेडात धरून सांगितलं होतं, "थंड दगडावर बसणं बंद. कायमचं."

विलार्दोरोच्या माणसाला हे सांगणं म्हणजे माशाला पाणी वर्ज्य करणं. फुटबॉलच्या मैदानाच्या पूर्वेला आज्या-पणज्यांनी खाणीतून चिरे आणून रचलेल्या लांबच लांब पायऱ्या होत्या. छप्पर नाही, पाठ टेकायला आधार नाही, जागेला नंबर नाही. समुद्रावरून येणारा पाऊस आधी त्यांच्यावर पडे आणि मग उरलेल्या गावावर. गावात त्यांना 'दगड' एवढंच म्हणत. समोरच्या बाजूला छपराखाली प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसणारे ते 'सोफेवाले'. त्यांना दगडावरची माणसं नमस्कार करत, पण मनापासून नाही.

पूर्वी दगडावर उशा चालत असत. पण उशी जवळ असली की ती फेकायचा मोह होतो. एका सामन्यात पंचाने पेनल्टी नाकारली, तेव्हा लोकांनी वाडवडिलांच्या रीतीप्रमाणे त्याच्यावर उशांचा वर्षाव केला आणि मैदान काही आठवडे बंद पडलं. तेव्हापासून दगडावरच्या मंडळाने उशांवर बंदी घातली. बंदीचा पुढे नियम झाला, नियमाचा अभिमान झाला, आणि अभिमान गार पडू लागला तरी कुणी तसं बोलून दाखवलं नाही.

आता नवे अध्यक्ष आले होते, कास्तो रेबोरेदो. त्यांचा गाद्यांचा कारखाना होता, त्यामुळे जगातला प्रत्येक प्रश्न मऊ करून सुटतो असं त्यांचं मत होतं. दगड उखडायचा, तिथे छप्पर घालायचं आणि नंबर घातलेल्या, आतून गरम होणाऱ्या गुबगुबीत खुर्च्या बसवायच्या, असा त्यांचा बेत. रविवारच्या सामन्यानंतर सभासद मतं देणार होते.

दगडमंडळाचा प्रमुख म्हणून एलादियोने डाव आखला. त्या देशात क्लबचा अध्यक्ष नकोसा झाला की लोक आरडाओरडा करत नाहीत. खिशातला पांढरा रुमाल काढून शांतपणे हलवतात. हजारभर रुमाल हलले की भल्याभल्यांची खुर्ची हलते. सामन्याच्या उत्तरार्धात एलादियोने उठून रुमाल हलवायचा, पाठोपाठ सगळ्यांनी. मग मतं कुठे पडायची ते सांगायला नको.

डाव चोख होता. एकच अडचण होती. उठण्यासाठी आधी बसावं लागतं.

"ती डॉक्टरीणबाईंनी दिलेली बसायची रबरी चकती ने की," रविवारी दुपारी ओब्दुलिया म्हणाली. ही त्याची बायको.

"मंडळाचा प्रमुख चकती घेऊन दगडावर? लोक तोंडात शेण घालतील."

"मग समोर खुर्चीवर बस."

"ओब्दुलिया! या घरात असलं बोलायचं नाही."

"मग राहा उभा, आणि खा मागच्यांच्या शिव्या. मी चालले बहिणीकडे, सातला येते. ओव्हनमध्ये एंपनाडा आहे, मासळीची. ताटलीत घेऊन खा. आणि सोफ्यावर चुरा सांडलास तर याद राख. आईच्या हातच्या उशा आहेत त्या."

चूक इथे झाली. तिने 'उशा' हा शब्द काढायला नको होता.

ती वळणावरून दिसेनाशी होताच एलादियो सोफ्यासमोर जाऊन उभा राहिला. निळ्या फुलांच्या दोन उशा होत्या, कोपऱ्यात शिंपला विणलेल्या. त्यातली एक त्याने न्हाणीघरातल्या अंगरख्याच्या पट्ट्याने मागे बांधली, वरून लांब रेनकोट चढवला आणि आरशात पाहिलं. मागून तो जरासा बदकासारखा दिसत होता. पण प्रमुखाला कोण मागून बघतं?

मैदानावर सर्वान्दो बघत होता. सर्वान्दो म्हणजे दगडावरचा त्याचा जन्माचा शेजारी, म्हणजे अर्धा मित्र आणि अर्धा पोलिस.

"काय रे, मागून सुटलास की!"

"बायको खायला घालते."

"एका आठवड्यात?"

"तू तुझं बघ. तुझ्या कोटाला पण फुगा आलाय."

"लोकर आहे ती," सर्वान्दो घाईने म्हणाला आणि सूर्यफुलाच्या बियांची पुडी पुढे केली. "घे, खा."

त्या दिवशी दगडावर सगळेच नेहमीपेक्षा जरा उंच दिसत होते. पण तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. सगळेच उंच झाले की कुणीच उंच दिसत नाही.

पूर्वार्ध एलादियोने राजासारखा काढला. सासूबाईंच्या हाताला गुण होता हे त्याला लग्नानंतर प्रथमच कळलं. "पाहा!" तो आजूबाजूच्यांना म्हणत होता, "हाडाचा माणूस असा बसतो! दगडाची ऊब काय असते, ते सोफेवाल्यांना काय कळणार!" लोक कौतुकाने माना हलवत होते.

मग पाऊस आला. साधासुधा नाही, आडवा. रेनकोटाच्या कॉलरमधून पाणी आत शिरलं, पाठीवरून ओघळलं आणि थेट उशीत जाऊन मुरलं. सासूबाईंनी उशीत अस्सल कापूस भरला होता, आणि अस्सल कापूस पाण्याला नाही म्हणत नाही. उशी फुगली, जड झाली, गार झाली. आता तिच्यापेक्षा दगड बरा, असं एलादियोला वाटू लागलं. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, पण विटेने पाणी प्यायल्यावर काय होतं ते कुणी सांगून ठेवलेलं नाही.

"अरे, वेळ झाली," सर्वान्दोने कोपर मारलं. "ऊठ."

"उठतो."

"मग ऊठ ना! सगळे तुझ्याकडे बघतायत."

एलादियोने गुडघ्यांवर हात रोवले, कंबर उचलली, आणि पट्ट्याने जीव सोडला. उशी रेनकोटाखालून निसटली आणि एखादं ओलं मांजर पडावं तशी फच्च करून दोघांच्या मध्ये दगडावर पडली. सर्वान्दोची मान वळू लागली. विचार करायला सवडच नव्हती. एलादियोने उशी उचलली आणि गेली कित्येक वर्षं न वापरलेल्या जोराने कुंपणावरून भिरकावली. हवेत पाण्याची पिचकारी सोडत ती गेली आणि लाइन्समनच्या पुढ्यात आदळली.

लाइन्समन दोन पावलं मागे सरला.

मग वरच्या पायरीवरून बेनिग्नो बारवाला ओरडला, "रुमाल नाही, उशी! एलादियोने उशी मारली रे!"

"शाब्बास!" दुसरा ओरडला. "आज्यांची रीत! रुमालाने काय होतंय!"

आणि भावनेच्या भरात बेनिग्नोने स्वतःच्या कोटाखाली हात घातला, बदकांची चित्रं असलेली बाळाची उशी काढली आणि फेकली. हातातून सुटल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण काय केलं. पण तोवर पलीकडून दुसरी उडाली होती, तिसरी उडाली होती. सर्वान्दोने लोकरी झबल्यातली गरम पाण्याची रबरी पिशवी भिरकावली. विधवा सेल्साबाईंनी चौघडी केलेलं अख्खं पांघरूण मैदानात सोडलं. पाद्रीबाबांनी एक उशी फेकली, तिच्यावर क्रूस होता. ती प्रार्थनेच्या वेळी गुडघ्यांखाली घ्यायची उशी होती. वरपासून खालपर्यंत दगडाने जणू कात टाकली. घरोघरी मातीच्या चुली, तसं बुडोबुडी उशा.

पंचांनी खेळ थांबवला. गोलरक्षक जवळच्या एका उशीवर बसून वाट पाहू लागला. दगडावरची माणसं एकमेकांकडे बघत नव्हती. काहींनी बसून पाहिलं, आणि पहिल्यांदाच सगळ्या रांगेतून एकदम "आईगं" असा सूर निघाला.

"लोकर होती म्हणे," एलादियो समोर बघत पुटपुटला.

"बायको खायला घालते म्हणे," सर्वान्दोने परतफेड केली.

समोरून छत्री धरून अध्यक्ष कास्तो आले. हातात मायक्रोफोन, तोंडावर लॉटरी लागल्याचा आनंद. "विलार्दोरोकरांनो!" त्यांचा आवाज घुमला. "बघा हे दगडाचे भक्त! यानंतर मतं तरी घ्यायची का?" बोलता बोलता त्यांनी एक उशी उलटी केली, शिवणीजवळचा शिक्का वाचला. दुसरी उलटी केली. मग तिसरी. मग ते बोलायचे थांबले. तिन्ही त्यांच्याच कारखान्यातल्या होत्या. छोट्या उशा एवढ्या का खपतात, याचं कोडं त्यांना गेली काही वर्षं सुटत नव्हतं.

अध्यक्ष गप्प झाल्याचं पाहून एलादियो कुंपणापाशी उतरला आणि त्यांच्या हातातून मायक्रोफोन घेतला. आता झाकली मूठ उघडली होती. तिच्यात काय आहे ते तरी नीट दाखवावं, असं त्याने ठरवलं.

"हो, उशा आहेत!" तो म्हणाला. "सगळ्यांकडे आहेत, माझीही आहे. दगड गार लागतो, मी कबूल करतो. पण कास्तोसाहेब, तुमच्या खुर्चीला नंबर आहे आणि दोन नंबरांच्या मध्ये दांडी आहे. इथे दांडी नाही. सर्वान्दोचा जावई उशिरा येतो, नेहमीच येतो..."

"कामावर असतो तो!" सर्वान्दो ओरडला.

"...तेव्हा कुणीतरी म्हणतं 'सरका', आणि अख्खी ओळ वीतभर सरकते. सेल्साबाईंचे यजमान गेले, त्या रविवारी आम्ही सगळे सरकून त्यांच्या जवळ बसलो. तुमच्या खुर्च्या असत्या तर त्यांच्या शेजारी एक नंबर रिकामा दिसला असता, दर रविवारी. उशी काय, घरून आणता येते. सरकणं कुठून आणणार?"

सेल्साबाईंनी पदर नव्हता म्हणून स्कार्फ डोळ्यांना लावला. मग समोरच्या छपराखाली कुणीतरी टाळी वाजवली, आणि सोफेवाले उभे राहिले. त्यांच्यातल्या निम्म्यांचे बाप दगडावर बसून गेले होते.

अध्यक्ष कास्तोंनी हातातल्या उशीकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं. गरम खुर्च्या आल्यावर उशांचं काय होईल याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावरून संथपणे सरकत गेला. मग त्यांनी एलादियोला मिठी मारली.

"मतदान रद्द!" ते मायक्रोफोनकडे वाकून गहिवरल्या आवाजात म्हणाले. "क्लबचा आत्मा विकाऊ नाही! दगड राहील! आणि आजपासून उशांवरची बंदीही उठली!"

गर्जना झाली. लोकांनी रुमाल काढले, पण हलवायला नव्हे, डोळे आणि पाठ पुसायला. कुणीतरी क्लबचं गाणं सुरू केलं. एलादियोने मायक्रोफोन सोडला नव्हता. त्याने हात वर केला. सगळं मैदान पुन्हा शांत झालं; आता प्रमुख शेवटचे चार शब्द बोलणार, जे नातवंडांना सांगावेत.

"एकच विनंती," एलादियो म्हणाला. "निळ्या फुलांची उशी आहे, कोपऱ्यात शिंपला विणलाय. सापडली तर घट्ट पिळून माझ्याकडे द्या. सातच्या आत."