मधल्या सुट्टीनंतरचे गावंडे सर

गावंडे सर समोरच्याला प्रश्न विचारतात आणि त्याचं उत्तरही स्वतःच देऊन टाकतात. सकाळी पांढुर्ण्याच्या बसमधून मी सौंसरच्या स्टँडवर उतरलो की ते चहाच्या टपरीजवळ उभे दिसतात. "काय सर, आले काय? आले. गर्दी होती? होती ना बाप्पा. बसाले जागा भेटली? कुठची भेटते!" एवढं झाल्यावर मला बोलण्यासारखं काही उरत नाही. मी मान डोलावतो आणि आम्ही शाळेकडे चालू लागतो. शाळा येईपर्यंत माझी पाठदुखी, माझ्या मुलीचा अभ्यास आणि माझ्या सासऱ्यांच्या संत्र्यांचा यंदाचा बहार, या सगळ्याची माहिती ते मला पुरवतात. ती बहुतेक बरोबर असते, म्हणून मी दुरुस्त करायला जात नाही.

मी गणित शिकवतो, ते विज्ञान. आमचे वर्ग शेजारी-शेजारी. त्यामुळे माझी मुलं वर्गमूळ काढत असताना पलीकडून आवाज येत राहतो, "लोखंड कायले गंजते? हवा आन पानी लागते म्हणून. कोन सांगन? मीच सांगतो." नववीला त्यांचा तास मधल्या सुट्टीनंतर असतो. त्या वेळी अर्धी नववी मागच्या पडक्या कंपाउंडवरून उडी मारून संत्र्यांच्या बगीच्यात पसार झालेली असते. उरलेल्या अर्ध्या नववीला सर तेवढ्याच जोमाने प्रश्न विचारतात आणि उत्तरं देतात. मुलं कमी आहेत याचा त्यांच्या तासावर काहीच परिणाम होत नाही, कारण मुलांना तिथे कामच नसतं.

मग छिंदवाड्याला ट्रेनिंग झालं. सर तिथून एक कापडी पिशवी आणि एक नवा शब्द घेऊन आले: चॅलेंज.

"आता उत्तर द्याचं नाही सर," त्यांनी मला सांगितलं. "पोट्ट्यांच्या रोजच्या जगण्यातलं चॅलेंज द्याचं. सवाल त्याईनंच काढाचे, हिंडून-फिरून जवाब बी त्याईनंच शोधाचा. मास्तरनं चूप बसाचं. जमन काय मले?" आणि ते थांबले. ओठ हलत होते, पण शब्द आतच अडवून धरला होता. इतक्या वर्षांत माझी पाळी कधी आलीच नव्हती, त्यामुळे आता ती आली आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत भर रस्त्यात उभे राहिलो. मागून एका टेम्पोवाल्याने हॉर्न दिला तेव्हा भानावर आलो.

त्यानंतर शाळेत जो गोंधळ झाला, तो मला अजूनही नीट उलगडलेला नाही. सरांनी नववीला चॅलेंज दिलं: मधल्या सुट्टीनंतर नववीतली पोरं कुठे जातात आणि काहून जातात, ते शोधून काढा. आता जी पळतात तीच पोरं शोधणार! मी म्हटलं, "सर, चोरालाच चोर शोधायला लावलंत." सरांनी रुमाल तोंडावर दाबून धरला. उत्तर बाहेर पडू नये म्हणून ही नवी सोय होती.

पळणाऱ्यांचा शोध घ्यायचा तर त्यांच्या मागे जाणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर सगळी नववी कंपाउंडवरून गेली. जी पोरं आजवर कधी पळाली नव्हती तीही गेली, तेही सरांच्या परवानगीने. प्राचार्य फेरी मारत आले तर वर्गात गावंडे सर एकटेच, खडू हातात धरून.

"वर्ग कुठे आहे?"

"शोधकार्यावर."

"मग काय सापडलं?"

सर रुमाल दाबून उभे. मी शेजारच्या वर्गातून दाराशी आलो होतो. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. शेवटी प्राचार्य म्हणाले, "गावंडे सर, पुढच्या आठवड्यात जिल्ह्याहून साहेब येऊन राहिले, तुमचं हे चॅलेंज पाहाले. वर्ग असाच खाली दिसला तं नववी तुमच्याकडून काढतो आन यायले देतो." 'यायले' म्हणजे मला. मला नववी नको होती. आणि सरांची नववी तर मुळीच नको होती.

सर मात्र त्या दिवसापासून खचले. येताना बोलेनात. एकदाच म्हणाले, "नववी गेली तं दुपारी मी काय करू?" आणि माझ्याकडे पाहत राहिले. या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

मी दीपालीला गाठलं. रामाकोन्याहून येणारी, शोधकार्याची पुढारी. "काय गं, सापडलं का काही?"

"सापडलं ना सर. पन सांगता येत नाही." तिने इकडेतिकडे पाहिलं. "पोट्टे बगीच्यात जाऊन नुसते बसते. संत्रं बी तोडत नाही. गावंडे सरचा पीरियड असते म्हणून जाते. सवाल बी सरच विचारते, जवाब बी सरच देते. मंग आमी कायले बसाचं?"

झालं! चॅलेंजचं उत्तर खुद्द सरच निघाले. साहेबांसमोर हे बाहेर पडलं तर नववी गेलीच म्हणायची. दुसऱ्या दिवशी चालता-चालता मी सुरुवात केली, "सर, त्या पोरांना जे सापडलंय ते..." सरांनी दोन्ही कान झाकले. "सांगू नका! चॅलेंज खराब होते!"

साहेब आले त्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर नववी गच्च भरलेली होती. साहेब मागच्या बाकावर बसले, मी आणि प्राचार्य दाराशी. दीपाली उठली आणि सापडलेलं सगळं सांगून मोकळी झाली, एक शब्दही गाळला नाही. सरांचा चेहरा उतरला, पण ते म्हणाले, "बरोबर आहे. मी तसाच आहो."

"पन सर, एक सवाल आमाले सुटला नाही," दीपाली अजून उभीच होती. "तुमी घरी बी असंच बोलता काय?"

सरांनी रुमाल खिशातून काढला, पण तोंडाशी नेला नाही.

"हाव," ते म्हणाले. "तुमची काकू गेली तवापासून. जेवाले बसू काय? बस. भाजीत मीठ कमी झालं काय? झालं थोडं. दोन आवाज झाले म्हणजे घरात कोनी आहे असं वाटते. मंग सवयच लागली पोट्टेहो. तुमी समोर असता, तरी ध्यानात राहत नाही."

सरांच्या पत्नी गेल्या तेव्हा मी त्यांच्या घरी जाऊन आलो होतो, चार शब्द बोललोही होतो. पण त्यानंतर त्या घरात कोण कोणाशी बोलत असेल, हा विचार माझ्या मनात कधी आला नाही. मला फार वाईट वाटलं. साहेब उठले, चष्मा पुसला आणि हे विज्ञानात धरायचं की कशात, असं प्राचार्यांना हिंदीत विचारू लागले. नववी यांच्याकडेच राहू द्या, एवढं मात्र साहेब स्पष्ट सांगून गेले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर मी फळ्यावर समीकरण मांडत होतो. शेजारून सरांचा आवाज आला, "दूध नासते कायनं?" पुढे शांतता. मी खडू तसाच धरून थांबलो, माझी मुलंही थांबली. शांतता इतकी लांबली की आता सरांचा धीर सुटणार, असं मला वाटलं. तेवढ्यात पलीकडून सगळी नववी एकदम ओरडली. एकीचं उत्तर उन्हानं, एकाचं मांजरीनं, कोणाचं जंतूनं, कोणाचं आंबट भांड्यानं. नुसता कल्लोळ. तो ओसरल्यावर सर हळूच म्हणाले, "आजून एकदा सांगा बरं."

त्यांना ऐकू आलं नव्हतं, असं नाही.