संचालकांच्या कानाचा पडदा

कानाचा पडदा हलत नाही असा ठपका आल्यावर शेळीने संचालकांचाही कान तपासायची मागणी केली.

मागणी रीतसर होती. जनावरांच्या कानांवर संशोधन करणाऱ्या त्या संस्थेत एकच नियम होता आणि तो संचालक डॉ. हेरंब मिरीकरांनी स्वतः घालून दिला होता. कानात प्रकाशाची तिरीप सोडायची, समोर बोलायचं आणि पडदा किती हलतो ते यंत्रावरच्या रेघेत मोजायचं. हललाच नाही, तर गोठ्यात बांधायचं आणि सकाळी कवटी उघडून कारण शोधायचं. उघडायचं काम कुंदा तेरदाळकरकडे होतं. उघडलेलं जनावर परत उठत नसे. कुंदाला त्या कामाची शिसारी येई, पण नोकरी होती.

"साहेब तुझ्यासमोर अर्धा तास बोलले," कुंदा शेळीला म्हणाली. "पडदा तसूभर हलला नाही."

"ऐकण्यासारखं काही होतं का?"

कुंदाने आठवून पाहिलं. साहेब संस्थेच्या प्रगतीवर बोलले होते. "नाही," तिने कबूल केलं.

मिरीकर हसतच खुर्चीत रेलले. "मोजा! संवेदनशील माणसाचा कान कसा असतो ते हिलाही कळू दे."

कुंदाने त्यांच्या कानात तिरीप सोडली आणि शेळी बोलू लागली. परवा तिची बहीण उघडली. ती तापाने बहिरी झाली होती. नुसतं विचारलं असतं तरी कुणीही सांगितलं असतं. कुंदाने डोळे पुसले. यंत्रावरची रेघ सरळच राहिली.

"साहेब, तुमचा पडदा हलत नाही."

"काय म्हणालीस?"

कुंदाने पुन्हा सांगितलं. रेघ तेव्हाही सरळच होती.

नियमाप्रमाणे मिरीकरांना दोर लावून गोठ्यात नेलं. संचालकांची खुर्ची रिकामी ठेवायची पद्धत नव्हती, म्हणून शेळी बसली.

दुपारी गोठ्यात गलका उठला. कुंदा मोठ्या आशेने संचालकांच्या खोलीत गेली. "मॅडम, कवट्या उघडणं आता बंद करू या ना? सगळे जिवाच्या आकांताने ओरडताहेत."

"संस्थेची प्रगती समाधानकारक आहे," शेळी म्हणाली. "कोण ओरडतंय?"

कुंदाने तिच्या कानात तिरीप सोडली, रेघ पाहिली आणि खुंटीवरचा दुसरा दोर काढला.

गोठ्यात मिरीकरांनी जरा सरकून शेळीला जागा करून दिली.