बाबूजी जेवणारा शोधायला जात

प्रिय ईशा आणि निखिल,

गेल्या रविवारी तुम्हा दोघांचा आपापल्या घरून व्हिडिओ कॉल आला तेव्हा ईशा ओट्याशी उभी राहून डब्यातूनच भात खात होती. आणि निखिल, तू सहज म्हणालास की आठवडाभरात तू कोणाबरोबरही जेवलेला नाहीस. फोनवर उपदेश करायचा नाही असा माझा नियम आहे. पण नंतर दिवसभर मला माझे वडील आठवत राहिले. म्हणजे तुमच्या आईचे आजोबा. त्यांच्याविषयी लिहायचं कितीतरी वर्षं मनात होतं, ते आज लिहिते.

आमचे बाबूजी एकटे जेवत नसत. त्यांना ते जमतच नसे. रोज साडेअकराला ते छत्री घेऊन घराबाहेर पडत आणि जेवायला माणूस शोधून आणत. तो ओळखीचाच हवा असं काही नव्हतं. "एकटा माणूस जेवत नाही जी, चरते," असं ते सांगत आणि समोरच्याची पिशवी स्वतःच्या हातात घेत. पिशवी गेली की माणूस मागोमाग येतोच.

ही स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा-बारा वर्षांतली गोष्ट. आमगाव तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. आमच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची शेतं, गावाबाहेर आणि घर स्टेशनच्या रस्त्यावर, त्यामुळे बाबूजींची सोयच होती. दुपारची पॅसेंजर आली की ते चिंचेखाली उभे राहून, बाजारात बैल पारखावा तसे उतरणारे लोक पारखत. फार बारीक माणूस नको, तो चार घासांत उठतो. फार शिकलेला नको, तो भाताकडे न बघता जेवतो. घाईतला माणूस मात्र ते कधीच सोडत नसत.

"काऊन जी, कुठं चालले एवढ्या उन्हात?"

"कामठ्याले जाऊन राहिलो. उशीर झाला."

"उशीर झालाच आहे न? मंग आता जेवूनच जा."

तोवर पिशवी बाबूजींच्या हातात गेलेली असे.

घरी माझी माय पावलांच्या आवाजावरूनच पाहुणा आलाय हे ओळखायची. स्वयंपाकघरातूनच म्हणायची, "लोकं हरवलेली गाय हुडकाले जाते. आमच्या घरचे जेवणारा हुडकाले जाते." पण भात जास्तीचाच टाकलेला असायचा. भात, लाखोळीची डाळ, अंबाडीची भाजी. पाहुणा कोणीही असो, ताट तेच.

एकदा गोंदियाचे एक कापडवाले शेठ सापडले. "भैया, मेरी गाड़ी छूट जाएगी," असं ते परोपरीने सांगत होते. बाबूजी म्हणाले, "गाड़ी तो कल भी आएगी. अंबाडी की भाजी कल नहीं रहेगी." शेठ जेवले, ओसरीवर झोपले आणि गाडी खरोखरच चुकली. पुढच्या महिन्यात मात्र ते आपण होऊन आमच्या दारात उभे राहिले. माय म्हणाली, "आता हे धरल्याबिगर येऊन राहिले."

एकदा तर बाबूजींनी एक शिपाई आणि एक कैदी आणला. सालेकशाकडच्या जंगलातून तो शिपाई त्याला चालवत आणत होता. गाडीला वेळ होता. दोघांच्या मनगटांत एकच बेडी. माझी आजी, म्हणजे बाबूजींची आई, जपाची माळ थांबवून म्हणाली, "याहिचे हात असे बांधून ठेवशीन त जेवतीन कसे?" शिपायाने बेडी काढली. आजीने कैद्याला विचारलं, "काय चोरलं रे?"

"बकरी."

"खाल्ली?"

"नाही माय. खायच्या आधीच धरलं."

आजी स्वयंपाकघराकडे वळून म्हणाली, "वाढ वं त्याले. उपाशीच धरलं."

या सगळ्यात एक गंमत होती. पाहुणे बोलत असत, बाबूजी नाही. ते कोणाचं नाव विचारत नसत, गावगप्पाही करत नसत. ते खाली मान घालून जेवत आणि मधूनमधून शेजारचा माणूस आहे ना एवढं बघून घेत. माणसाची एवढी हौस आणि बोलायला मात्र काही नाही, हे मला लहानपणी विचित्र वाटे.

पावसाळ्यात रोवणीच्या, म्हणजे भात लावायच्या, दिवसांत कधी कोणीच मिळत नसे. मग ते ओली छत्री कोपऱ्यात ठेवून पाटावर बसत आणि नुसता भात कालवत राहत. मी जवळ उभी असे. "मीठ आण पोरी." आणलं. "पाणी आण." तांब्या भरलेलाच असे. "शाळेत काय शिकवलं आज?" मी उभ्याउभ्या सांगत राही आणि भात संपे. मी बसू शकत नव्हते. आमच्याकडे पुरुष आधी जेवत आणि बायका मागून. मला भाऊ नव्हता आणि बाबूजींनाही नव्हता, त्यामुळे घरात पुरुषांची पंगत म्हणजे एक पाट.

मॅट्रिक झाल्यावर मला नागपूरला कॉलेजात जायचं होतं. बाबूजींनी एका शब्दात हो म्हटलं. ट्रंक भरताना माय मात्र एकाच लुगड्याची घडी पुन्हापुन्हा घालत होती. मी म्हटलं, "काळजी कशाला? बाबूजींना रोज कोणी ना कोणी मिळतंच."

मायने घडी घातलेलं लुगडं खाली ठेवलं. "तुले काय वाटते, त्यायले लोकं आवडते? लोकं नाही आवडत त्यायले. बारा वर्षांची होतवरी तू त्यायच्या बाजूले बसून जेवत होती. मंग तुझी आजी म्हणाली, पोरगी मोठी झाली, आता बायांत बसन. दुसऱ्या दिवशी त्यायनं छत्री घेतली न टेसनावर गेले. तवापासून जाऊनच राहिले."

मला हे कधी जुळवताच आलं नव्हतं. मी विचारलं, "मग तू का नाही बसत त्यांच्यासोबत?"

मी तिला भर बाजारात नाचायला सांगितल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं. "मी? त्यायच्या बाजूले?"

"आजी जाऊन दोन वर्षं झाली, माय. आता कोण बोलणार आहे?"

"आजी गेली. रीत थोडीच गेली?"

दुसऱ्या दिवशी बाबूजी मला गाडीत बसवायला आले. सूचना काहीच नव्हत्या. गाडी हलल्यावर खिडकीबरोबर चार पावलं चालत एवढंच म्हणाले, "कोणासोबत तरी बसत जा पोरी." मी हो म्हटलं. त्यांचं काय, हे विचारायचं मला सुचलं नाही. सुचलं तेव्हा गाडी गोंदियाला पोचली होती.

वसतिगृहात आम्ही चाळीस मुली एकदम जेवत होतो. रोज पहिल्या घासाला मला त्यांचा तो एकटा पाट दिसे.

धान कापणीला आलं तेव्हा त्यांचं पोस्टकार्ड आलं. वरच्या ओळींत गाईला वासरू झालं, धान बरं आहे, असं होतं. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं : "सोमवारी खूप पाऊस होता. कोणी मिळालं नाही. तुझी माय दार लावून बाजूला बसली. भात तिनं कमी घेतला. पण ती इतकी बोलते, हे मला वीस वर्षांत ठाऊक नव्हतं."

त्यानंतर ते स्टेशनवर जाईनासे झाले, असं शेजारी सांगत. दोघांना एकत्र जेवताना मी कधी पाहिलं नाही. मी सुट्टीत घरी गेले की माय लाजून पुन्हा मागून जेवायची, आणि बाबूजी मला सांगत, "बस पोरी, तू बस."

ते घर आता आपलं नाही आणि त्या दोघांचा एकत्र फोटोही नाही. ते पोस्टकार्ड माझ्या कपाटात आहे. शाई फिकी झाली आहे, पण वाचता येतं.

तुमची,
आजी