सध्या आत: आप्पा

प्रश्न. स्वतःविषयी थोडक्यात सांगा.

थोडक्यात? अकरा वर्षं तिने एका रंगाच्या कारखान्यात आकड्यांची चित्रं काढली. कुठल्या गावात कुठला रंग खपतो, कुठल्या गोदामात डबे गळतात, कुठला विक्रेता थापा मारतो, सगळं पडद्यावर असं उभं करायची की मालकाला चष्मा न लावताही कळावं. कारखान्यात तिला सगळे अहवालबाई म्हणत. मग कारखाना बंद पडला, घर एका पगारावर आलं, आणि आता ज्यांच्या मिशाही धड फुटलेल्या नाहीत अशी पोरं तिला विचारत होती, की मॅडम, आलेखाचे प्रकार किती आणि कोणते.

"अपमान आहे हा," ती नवऱ्याला म्हणाली. "सुताराला कोणी विचारतं का, खिळ्याची व्याख्या सांगा म्हणून?"

"माहीत आहे ना तुला? मग सांगून टाकायची."

"माहीत आहे म्हणूनच सांगायचा संताप येतो!"

तीन ठिकाणी या संतापापायी नकार आला होता. आता चौथी मुलाखत एका कुरिअर कंपनीत होती. काम तेच, ऑफिस घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. ही नोकरी ती सोडणार नव्हती. तिने इंटरनेटवरून शंभर प्रश्न उतरवून घेतले होते आणि दात-ओठ खात ते पाठ करायला घेतले होते. या वेळी तिला पाडेल असा माणूस अजून जन्मायचा होता.

फक्त एक अट होती. खऱ्याखुऱ्या माहितीवर स्वतः बनवलेला एक डॅशबोर्ड मुलाखतीत दाखवायचा. डॅशबोर्ड म्हणजे गाडी चालवणाऱ्याच्या समोर काटे असतात ना, तसा आकड्यांचा फलक. एका नजरेत सगळं दिसलं पाहिजे. आता खरीखुरी माहिती आणायची कुठून? कारखान्याची माहिती कारखान्याबरोबर गेली.

तेवढ्यात पॅसेजमधून नवऱ्याचा आवाज आला. "आप्पा, आटपा की! मला ऑफिस आहे!"

घरात माणसं चार, बाथरूम एक. अहवालबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

प्रश्न. माहिती गोळा करताना कोणती काळजी घ्याल?

कुठलीच नाही. घरचीच तर माणसं, सगळी सज्जन.

तिने एक जुना फोन बाथरूमच्या दाराशेजारी टांगला. पडद्यावर चार फोटो: आप्पा, सासूबाई, नवरा, ती. आत जाताना आपल्या फोटोवर बोट ठेवायचं, बाहेर आलं की पुन्हा ठेवायचं. मिनिटं आपोआप मोजली जाणार आणि डॅशबोर्डवर ज्याचा त्याचा खांब चढत जाणार. वर कोपऱ्यात तिने एक ओळ टाकली, आणि तिच्यावर ती स्वतःच फार खूश होती. आत्ता या क्षणी बाथरूममध्ये कोण आहे ते ती ओळ सांगायची. सध्या आत: अमुक. बाजूला हिरवा ठिपका.

सगळ्यांनी मोठ्या आनंदाने सहकार्य केलं. इतक्या आनंदाने, की तिला तेव्हाच शंका यायला हवी होती.

शुक्रवारी संध्याकाळी तिने सगळ्यांना समोर बसवलं आणि फलक टीव्हीवर लावला. पडद्यावर तीन बुटके खांब होते. नवऱ्याचा पाटाएवढा, सासूबाईंचा पायपुसण्याएवढा, तिचा स्वतःचा अगदी बेताचा, कुलीन. आणि त्यांच्या शेजारी आप्पा. आप्पा म्हणजे गावाच्या पाण्याची टाकी. वरून लालभडक.

आता आप्पा कोण, ते सांगायला हवं. आप्पा, म्हणजे तिचे सासरे, रेल्वेतून निवृत्त झालेले तिकीट तपासनीस. सगळी हयात दुसऱ्यांना पकडण्यात गेलेली. स्वतः पकडले जायची त्यांना सवय नव्हती.

"हा लाल कोण?"

"तुम्ही, आप्पा."

"लाल का?"

"ज्याचा खांब सगळ्यात उंच, तो आपोआप लाल होतो. मी नाही केला. नियमच तसा आहे."

"नियम तुम्ही मला सांगू नका, सूनबाई." आप्पा रागावले की सुनेला अहोजाहो करत. "फुकट्या प्रवाशालासुद्धा मी आधी विचारायचो, बाबा, तिकीट आहे का? तुम्ही तर मला थेट रंगवून मोकळ्या झालात. मी आत जातो, दोन तांबे घेतो, बाहेर येतो."

"आप्पा, आकडे खोटं बोलत नाहीत," नवरा म्हणाला.

सासूबाई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी एकाच अभ्र्याची तिसऱ्यांदा घडी घातली.

शनिवारी सकाळी आप्पा खांद्यावर टॉवेल आणि हातात साबणाची डबी घेऊन जिना उतरले, आणि तळमजल्यावरच्या दंतवैद्यांच्या घरी जाऊन आंघोळ करून आले. दंतवैद्य त्यांचे बुद्धिबळातले जोडीदार. तोंड खुर्चीत बसलेल्या रोग्याचं उघडं असलं, तरी चालायचं मात्र दंतवैद्यांचं. दुपारपर्यंत निम्म्या गल्लीने ही हकिकत आ वासून ऐकली, की वरच्या मजल्यावरच्या सुनेने म्हाताऱ्याला कॉम्प्युटर लावून बाथरूममधून काढलं. आणि ऐकणाऱ्याला मध्ये एक शब्द बोलायची सोय नव्हती.

अहवालबाई संतापाने नुसती फणफणत होती. "मंगळवारी माझी मुलाखत, आणि हे साबणाची डबी मिरवत जिन्यातून वरात काढतायत!"

"मग आप्पांचा खांब थोडा छाट ना," नवऱ्याने सुचवलं.

"आकडे बदलू? मी? अकरा वर्षांत एक आकडा इकडचा तिकडे केला नाही मी. कुणाच्या बापासाठी करणार नाही."

"माझ्याच बापासाठी सांगतोय."

"त्यांच्यासाठीही नाही."

प्रश्न. काही दिवसांची माहिती आलीच नाही, तर रिकाम्या जागा कशा भराल?

"रिकाम्या जागा अंदाजाने भरू नयेत. भरल्याच, तर तसं फलकावर स्पष्ट—"

"अगं," सासूबाई दारात उभ्या होत्या. "हे तर आता घरी आंघोळ करत नाहीत. मग तुझ्या त्या तक्त्यात यांचं रिकामंच राहणार?"

"राहणार, आई. माझं नशीब."

"त्याचे मार्क कापतील?"

"कापतील नाही तर काय."

"बरं," म्हणून सासूबाई गेल्या. आणि अहवालबाईने उत्तर पुन्हा पहिल्यापासून म्हणायला घेतलं. फलक उघडून बघायला तिला सवड कुठे होती? शंभरातले अजून चाळीस बाकी होते.

मंगळवार. मुलाखत घरूनच, लॅपटॉपवर. तिने बेडरूममध्ये टेबल मांडलं. नवऱ्याने रजा टाकली आणि पॅसेजमध्ये खुर्ची टाकून तो दाराशी पहाऱ्याला बसला. पडद्यावर दोघं आले. एक शांत चेहऱ्याच्या बाई, त्या मुख्य. एक दाढीवाला, तो प्रश्न विचारणारा.

तिने फलक दाखवला. दाढीवाला खुर्चीत पुढे सरकला. "अरे वा. बाथरूम? हे कोणी आणलं नव्हतं अजून." शांत बाईंनी मान हलवली. अहवालबाईच्या अंगात बळ आलं. नोकरी तिला समोर दिसायला लागली, टेबलखुर्चीसकट.

"हा लाल खांब कोणाचा?" दाढीवाल्याने विचारलं.

"घरातले एक ज्येष्ठ सदस्य," ती म्हणाली.

नेमके त्याच वेळी ज्येष्ठ सदस्य दंतवैद्यांकडून वर आले होते. केस ओले, खांद्यावर टॉवेल. पहारेकरी उठून उभा राहीपर्यंत ते आत पोचलेही.

"नमस्कार," आप्पा सुनेच्या खांद्यावरून कॅमेऱ्याला म्हणाले. "तो लाल मी."

"आप्पा!"

"मला दोन वाक्यं बोलू द्या. साहेब, मी शनिवारपासून त्या बाथरूममध्ये पाऊल टाकलेलं नाही. खाली दंतवैद्य आहेत, त्यांना विचारा. आता मला शनिवारनंतरचं दाखवा. बघू तुमचं यंत्र काय म्हणतंय."

"फिल्टर लावा ना मॅडम," दाढीवाला म्हणाला. त्याला मजा यायला लागली होती.

लावते, तिने मनात म्हटलं. खांब गायब होईल, हेही गायब होतील. तिने आधीचे दिवस वगळले, शनिवारपासूनचे ठेवले.

नवरा आणखी बुटका झाला. ती आणखी बुटकी झाली. आप्पांचा खांब होता तिथेच, लालभडक, उभा. आणि वर कोपऱ्यात, तिच्या त्या लाडक्या ओळीत, लिहून आलं होतं—

सध्या आत: आप्पा

हिरवा ठिपका लुकलुकत होता.

दाढीवाल्याने ओळ वाचली. मग आप्पांकडे पाहिलं. मग पुन्हा ओळ वाचली. पॅसेजच्या पलीकडून नळाचा आवाज येत होता.

"अस्सं," आप्पा म्हणाले. तो आवाज घरातल्या कोणी आजवर ऐकला नव्हता. तो नोकरीतला होता. फुकटे प्रवासी कुठे लपतात, हे तिकीट तपासनिसाला शिकवावं लागत नाही. बेडरूमच्या समोरच बाथरूम. आप्पांनी जाऊन दारावर बोटातल्या अंगठीने टकटक केली. "आत कोण आहे? बाहेर या. शांतपणे बाहेर या."

कडी निघाली. लॅपटॉपच्या कॅमेऱ्याला सगळं सरळ दिसत होतं. आतून सासूबाई बाहेर आल्या, कोरड्या ठणठणीत. नळ सोडून त्या नुसत्या स्टुलावर बसल्या होत्या.

"तू?"

"मग काय करू? तुम्ही बसलात रुसून. पोरीचा तक्ता रिकामा राहिला तर तिचे मार्क जातात. म्हणून रोज तुमच्या फोटोवर बोट ठेवते आणि बसते आत. तुमच्यापेक्षा कमी नाही बसत हं, अगदी मनापासून बसते. पाठ धरली माझी."

"म्हणजे आधीच्या आठवड्यातही तूच?"

"छे! तेव्हा फक्त केस धुतले त्या दिवशी. म्हटलं, यांचा एवढा उंच झालाच आहे, त्यात माझं कुठे दिसतंय."

"उंच केला कोणी पण?"

पॅसेजमधली पहाऱ्याची खुर्ची करकरली. नवरा पुन्हा उभा राहिला होता.

"मला वाटलं, मी एकटाच आहे," तो म्हणाला. "आत जरा फोन बघत बसतो मी. माझ्या नावावर दिसलं असतं तर हिने जगू दिलं नसतं. तुम्हाला कोण बोलणार, आप्पा?"

"आकडे खोटं बोलत नाहीत, असं सांगणारा तूच ना रे?"

अहवालबाई गर्रकन पडद्याकडे वळली. शंभर प्रश्न जाऊ देत चुलीत! "पाहिलंत? या माणसांत राहून मी प्रामाणिकपणे काम करायचं! एक जण फोन बघतो, एक जण नळ सोडून बसतं, आणि सगळं एका म्हाताऱ्या माणसाच्या नावावर! तळमळीने एक काम करायला घ्यावं, तर घरचेच—"

"एक विचारू?" शांत बाई पहिल्यांदाच बोलल्या.

प्रश्न. तुम्ही कुठला फोटो दाबत होतात?

शंभरात हा नव्हता.

तिने आप्पांकडे पाहिलं. आप्पा तिच्याकडेच पाहत होते, डब्याच्या शेवटच्या बाकाकडे बघावं तसे.

"आधी माझाच," ती म्हणाली.

"आणि नंतर?"

"मॅडम, प्रश्न शंभर आहेत. मोठ्याने म्हटल्याशिवाय माझं पाठ होत नाही, आणि या घरात आतून कडी लागते असं दार ते एकच. आरशासमोर उभं राहून उत्तरं म्हणायची म्हणजे वेळ जातोच. आणि हा फलक तुम्हालाच दाखवायचा होता. त्यात उमेदवारच लाल निघाली असती."

दाढीवाल्याने आपला माइक बंद केला. त्याचे खांदे तेवढे हलताना दिसत होते. बाई हसल्या नाहीत. "कळवतो," एवढंच म्हणाल्या, आणि पडदा काळा झाला.

ती रात्रभर, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, कोणाशी बोलली नाही. नवऱ्याने आंघोळ पाच मिनिटांत उरकली, तरी नाही. मग फोन आला. बाईंचाच.

"आमच्याकडे किती पाकिटं पोचवली, ते पोचवणारेच लिहितात," बाई म्हणाल्या. "आणि ते आकडे इतके सुंदर असतात, की मला झोप लागत नाही. बाकी सगळ्या उमेदवारांचे फलक निर्दोष होते. आकडा खोटा कसा होतो, ते फक्त तुमच्याकडेच बघायला मिळालं. सोमवारी या."

नोकरी मिळाली! आणि तरी ती दिवसभर धुसफुसत होती. शंभरच्या शंभर पाठ, आणि विचारला एकही नाही. ही काय पद्धत झाली?

घरात मात्र एक खटला बाकी होता. आप्पांना नुसती माफी नको होती, दुरुस्ती हवी होती, आणि तीही साक्षीदारांसमोर. रविवारी दंतवैद्यांना वर बोलावलं. त्यांच्यादेखत प्रत्येकाने आपापली मिनिटं कबूल करून परत घेतली: नवऱ्याने मान खाली घालून, सासूबाईंनी हसत, तिने भराभरा. मग तिने फलक नव्याने टीव्हीवर लावला. आप्पांनी चष्मा पुसला, लावला, खुर्ची पुढे ओढली.

"मी कुठे आहे यात?"

"हा काय. खाली."

"ही रेघ?"

"रेघ नाही, खांबच आहे तो. घरात सगळ्यात कमी. सुटलात, आप्पा."

आप्पा त्या रेघेकडे बघत राहिले. दंतवैद्यांनीही वाकून पाहिलं, आणि काही न बोलता आपली खुर्ची किंचित बाजूला सरकवली.

आप्पांच्या ते नजरेतून सुटलं नाही. ते सुनेच्या कानाशी आले.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "थोडा वाढवता येईल का गं? लोकांना वाटायचं, मी आंघोळच करत नाही."