बेट सपाट करण्याची सोपी रीत

एका जंगलात, मुलांनो, नदीवर नवाकोरा बंधारा होता. त्याला बारा लोखंडी दरवाजे होते. बंधाऱ्याच्या खाली नदीत वाळूचं बेट होतं. त्या वाळूत कोंडाबाई कासविणीने अंडी पुरली होती. आठवडाभरात पिल्लं बाहेर येणार होती.

हत्तीमहाराजांना दरवाजे उघडण्याचा समारंभ करायचा होता. पण महाराज पडले आधुनिक. ते म्हणाले, "आधी कॉम्प्युटरवर पाणी सोडून बघा." काम डॉक्टर बगळ्यांकडे गेलं. ते पाण्याचे मोठे तज्ज्ञ. पाय ओले झालेले मात्र त्यांना खपत नसत.

साहेबांनी पडद्यावर नदी मांडली. तिचे चौकोन पाडले. दरवाजे बसवले, बेटही बसवलं आणि पाणी सोडलं. पाणी बेटावर आदळलं आणि कॉम्प्युटर बंद पडला. असं चौदा वेळा झालं.

कॉम्प्युटर काहीतरी सांगत होता, असं तुम्हाला वाटलं ना? म्हणूनच तुम्हाला कोणी तज्ज्ञ म्हणत नाही.

साहेबांनी बेट पुसून टाकलं. तळ ताटासारखा सपाट केला. पंधराव्या वेळी पाणी सुरळीत वाहिलं. निळी-हिरवी चित्रं छापून निघाली. महाराज खूश झाले.

कोंडाबाईला हे कळलं. ती सरपटत दरबारात आली.

"म्हाराज, आठ दिस थांबा. माजी अंडी हायती बेटावर."

"कोणत्या बेटावर?" बगळेसाहेबांनी विचारलं.

"बंधाऱ्याखाली. ह्या खिडकीतनं दिसतंय की!"

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. "बाई, तिथे बेट नाही. हवं तर मोठं करून दाखवतो."

"अवो सायेब, मी तितनंच आलीया!"

"महाराज, ही बाई नसलेल्या ठिकाणाहून आली आहे," साहेब गंभीरपणे म्हणाले. "हिची कागदपत्रं तपासायला हवीत."

महाराजांना तिची दया आली. खरंच आली. पण निमंत्रणपत्रिका वाटून झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तुताऱ्या वाजल्या. बाराही दरवाजे एकदम उघडले. कोंडाबाई काठावर उभी होती. बेटाची एक कड ढासळली, मग दुसरी. टाळ्या चालूच होत्या.

संध्याकाळी दरवाजे बंद झाले. पाणी ओसरलं. मग बगळेसाहेब पहिल्यांदाच नदीकाठी आले. हातात छापील चित्रं होती. चित्रात तळ सपाट होता. नदीतही तळ सपाट होता.

"शंभर टक्के अचूक!" साहेब आनंदाने ओरडले.

"आन् माजी अंडी?" कोंडाबाईने विचारलं.

साहेबांनी सगळी चित्रं पुन्हा एकदा चाळली. "कोणती अंडी?"

महाराजांनी साहेबांना शाल दिली. पुढच्या बंधाऱ्याचं कामही दिलं.

तात्पर्य: कॉम्प्युटरातली नदी खऱ्या नदीशी जुळत नसली तरी धीर सोडू नये. दरवाजे उघडावेत. खरी नदी आपोआप जुळून येते.